माती, बांबू आणि वारसदार : वणी परिसरातील हस्तकला आणि कोरियाचा अनुभव

यवतमाळ जिल्ह्यातले वणी म्हटले की महाराष्ट्राला कोळसा आठवतो. उकणी, निलजई, मुंगोली, कोलारपिंपरी या खाणी, राजूरच्या चुनाभट्ट्या, कापसाची बाजारपेठ, रंगनाथ स्वामींची यात्रा आणि लोकनायक बापूजी अणे यांचे जन्मगाव, अशी या तालुक्याची ओळख सांगितली जाते. पूर्वेला वर्धा वाहते, दक्षिणेला पैनगंगा, आणि दोघींचा संगम तालुक्यातल्याच जुगादला होतो. हाताने घडवलेल्या सुंदर वस्तूंचा मुलूख म्हणून मात्र या भागाकडे कुणी बघत नाही. वास्तविक याच पट्ट्यात रांजण थापणारे कुंभार आहेत, बांबू विणणारे बुरूड आणि कोलाम आहेत. वर्धा ओलांडली की भद्रावतीची मृत्तिकाकला आहे, पैनगंगा ओलांडली की आदिलाबादचे ओतीव पितळ आणि निर्मळची लाकडी खेळणी आहेत.

या कला टिकतील का, असा प्रश्न नेहमी विचारला जातो. तो विचारणारा बहुधा वस्तूकडे बघत असतो. खरा प्रश्न माणसाचा आहे. हे काम पुढे कोण शिकणार, त्याला शिकवणार कोण, आणि शिकण्याच्या वर्षांत त्याचे घर कशावर चालणार? हा प्रश्न धरून परिसरातल्या कलांचा आढावा घ्यायचा तर दक्षिण कोरियाचे उदाहरण फार उपयोगी पडते. पस्तीस वर्षांची जपानी राजवट, मग युद्ध, मग झपाट्याचे औद्योगिकीकरण, प्लास्टिक, स्टील आणि शहराकडची धाव, यांत त्या देशातली गावोगावची कारागिरी मोडत आली होती. आज तिथली भांडी, कागद, लाखकाम आणि विणकाम जगातल्या संग्रहालयांत आहेच, शिवाय तिथल्या आधुनिक चित्रकारांच्या कामातही उतरले आहे. हे कसे झाले आणि त्यात काय राहून गेले, हे दोन्ही पाहण्यासारखे आहे.

माती

विदर्भातल्या कुंभाराचे वर्ष सणांनी आखलेले असते. उन्हाळ्याच्या तोंडावर माठ आणि रांजण, अक्षयतृतीयेला पितरांच्या नावाने पाणी भरायचे मडके, पोळ्याला मातीचे बैल, मग गणपती. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत मुली जिच्यापुढे टिपऱ्या वाजवत गाणी म्हणतात ती भुलाबाई कुंभाराकडूनच येते. पुढे घटस्थापनेचे घट, दिवाळीच्या पणत्या, संक्रांतीची सुगडी. म्हणजे कुंभार जितका भांडी करणारा, तितकाच मूर्तिकारही आहे.

त्याचे तंत्र वरवर साधे दिसते. चाकावर तोंड आणि गळा उतरवायचा, माती जराशी सुकू द्यायची, आणि मग आतून दगडी गोळा धरून बाहेरून लाकडी थापीने पोट वाढवत न्यायचे. थापणाऱ्याचा हात सारखा चालला तरच भिंत सारखी पातळ होते. भट्टीची आच मुद्दाम कमी ठेवलेली असते, कारण भांडे सच्छिद्र राहिले पाहिजे. पाणी झिरपते, बाहेर उडून जाते, आणि आतले पाणी गार राहते. चकाकी नसलेले, हलक्या आचेचे भांडे ही मागासलेपणाची खूण नव्हे. वणीच्या मे महिन्यातल्या उन्हाला शोधलेले ते उत्तर आहे.

कोरियात याच जातीचे भांडे म्हणजे ओंग्गी. सोया, मिरचीची पेस्ट आणि किमची आंबवण्यासाठी हे मोठे रांजण लागतात. तेही मातीच्या जाड पट्ट्या एकावर एक रचून, आतून आधार धरून आणि बाहेरून थापीने ठोकून वाढवतात. राख आणि माती कालवून केलेली झिलई त्यावर असते, तरी भिंत थोडी श्वास घेते, आणि आंबवण्याला तेच हवे असते. घरामागच्या ओट्यावर रांजणांची रांग असणे हे तिथल्या घराचे लक्षण होते. पुढे लोक फ्लॅटमध्ये राहायला गेले, प्लास्टिक आले, स्वस्त ओंग्गीवर शिसेयुक्त झिलई वापरली जाते हे उघड झाल्यावर लोकांचा विश्वास उडाला, आणि १९९५ नंतर खास किमचीसाठी केलेले फ्रीज घरोघर पोचले. फ्रीज आला तसा आपला माठही कोपऱ्यात गेला. फरक पुढच्या पावलात आहे. १९९० मध्ये कोरियन सरकारने ओंग्गी घडवणे हा राष्ट्रीय वारसा ठरवला आणि तो जाणणाऱ्या कारागिरांना नावानिशी मान्यता दिली.

कोरियाची जगभर गाजलेली, चढ्या आचेची मृत्तिकाकला मात्र वेगळी आहे. गोर्यो राजवटीत, बाराव्या शतकात, निळसर हिरव्या झिलईचा सेलेडॉन कळसाला पोचला. ओल्या मातीत क्रौंच पक्षी आणि ढग कोरून त्या खाचांत पांढरी आणि काळी होणारी माती भरायची, हे तिथल्या कुंभारांचे खास तंत्र. पुढे जोसॉन काळात शुभ्र पोर्सेलिन आले. सतराव्या आणि अठराव्या शतकातला चंद्रघट हा त्याचा मुकुटमणी. एवढा मोठा गोल एका दमात चाकावर उतरत नाही, म्हणून दोन अर्धगोल करून मध्ये जोडतात. सांधा पुरता लपत नाही, गोल किंचित वाकडा राहतो, आणि कोरियन रसिक त्या वाकडेपणावरच जीव टाकतात.

आपल्या भागात अशा चढ्या आचेच्या कामाची परंपरा नव्हती. ती आणण्याचा गंभीर प्रयत्न वणीच्या शेजारी, भद्रावतीला झाला. विजासनच्या बौद्ध लेण्यांच्या आणि पार्श्वनाथाच्या जैन मंदिराच्या या गावात कृष्णमूर्ती मिरमिरा यांनी १९५०च्या दशकात ग्रामोदय संघ उभा केला. कुंभारांना सुधारित चाक, सुधारित भट्टी आणि झिलईचे शिक्षण द्यावे, त्यांच्या मालाला शहरी बाजार मिळवून द्यावा, हा उद्देश होता. जागा विचाराने निवडलेली होती. वर्धा खोऱ्यात कोळसा आहे, आणि चंद्रपूर जिल्ह्यात भाजकामाला लागणारी चांगली मातीही आहे.

या प्रयत्नामागे वर्ध्याची विचारपरंपरा होती. १९३४ मध्ये गांधीजींनी वर्ध्यात अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ सुरू केला. संघाचे काम पाहणाऱ्या जे. सी. कुमारप्पांनी तिथल्या मगनवाडीत हातकागद, घाणी, भांडी यांवर प्रयोग केले. १९३८च्या अखेरीस मगन संग्रहालय उघडले. शांतिनिकेतनात शिकलेले देवी प्रसाद १९४४ मध्ये सेवाग्रामला नई तालीमचे कलाशिक्षक म्हणून आले आणि तिथेच कुंभारकामात रमले. चाकावरची माती हा मुलांच्या शिक्षणाचा पाया होऊ शकतो, हा विचार विदर्भात प्रत्यक्ष राबवला गेला होता. पुढे त्याला शाळांच्या वेळापत्रकात जागा उरली नाही, हे आपले मोठे नुकसान आहे.

बांबू

मातीइतकाच या भागाचा दुसरा आधार म्हणजे बांबू. जंगलात मुख्यतः मानवेल, ओढ्याकाठी कटांग. वणी, मारेगाव, झरी जामणी, केळापूर या तालुक्यांत कोलामांची वस्ती आहे. त्यांच्या पाड्याला इथे पोड म्हणतात. महाराष्ट्रात विशेष असुरक्षित म्हणून नोंदलेल्या तीन आदिवासी समाजांपैकी कोलाम हा एक. गोंडांच्या गावदेवतांची पूजा अनेक ठिकाणी कोलामच करतात, आणि टोपल्या, चटया विणणे हे त्यांचे पिढीजात काम. जुनी कोलामी घरे बांबूच्या कुडाचीच असत. भिंत आधी विणायची आणि मग तिला मातीने लिंपायचे.

गावात हेच काम बुरूड करतात. सूप, टोपली, दुरडी, परडी, धान्याची ढोली, तट्ट्या. ओला बांबू उभा चिरायचा, कामट्या काढायच्या, पाठ आणि पोट वेगळे करायचे, आणि कोणती पट्टी कुठे घालायची हे बोटांनी ठरवायचे. पाठीची पट्टी चिवट, म्हणून काठाला. पोटाची मऊ, म्हणून मधल्या विणीला. सुपाचा उतार असा ठेवावा लागतो की पाखडताना फोलपट पुढे उडावे आणि दाणा मागे राहावा. या उताराचे कुठे मोजमाप लिहिलेले नाही. बघून, चुकून, उसवून पुन्हा विणून तो हाताला येतो. लग्नात आणि महालक्ष्म्यांच्या पूजेत सूप अजून लागते म्हणून ते चालू आहे. ढोली आणि तट्ट्या जवळपास गेल्या. पोती, पत्रे आणि प्लास्टिकचे टोपले त्यांच्या जागी आले.

बुरुडाची पहिली अडचण कच्च्या मालाची आहे. बांबू वनस्पतिशास्त्राने गवत, पण कायद्याने दीर्घकाळ झाड होता. वनहक्क कायदा २००६ ने तो गौण वनोपज ठरवला. गडचिरोलीतल्या मेंढा लेखा गावाने २०११ मध्ये आपल्या जंगलातल्या बांबूचा वाहतूक परवाना ग्रामसभेच्या हाती मिळवला, आणि ती घटना देशभर गाजली. २०१७ मध्ये भारतीय वन कायद्यातल्या दुरुस्तीने जंगलाबाहेर वाढलेला बांबू झाडांच्या व्याख्येतून वगळला. चंद्रपूरजवळ चिचपल्लीला बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र उभे राहिले. हे सगळे चांगले आहे. तरीही टोपली विणणाऱ्याला ओला बांबू हवा असतो, हंगामात हवा असतो, आणि थोडा थोडा हवा असतो. ज्याला एका वेळी दहा-वीस बांबू पुरतात, त्याच्यासाठी ट्रकभर बांबूचे धोरण अपुरे पडते.

दुसरी अडचण प्रतिष्ठेची आहे, आणि ती जास्त खोल आहे. बुरूड महाराष्ट्रात अनुसूचित जातींत मोडतात. ज्या कामावरून समाजाने माणसाला गावाच्या कडेला बसवले, ते काम पोराने करू नये असे आईबापांना वाटते, आणि ते योग्यच वाटते. इथे कोरियाचा इतिहास विलक्षण जवळचा आहे. जोसॉन काळात खाटीक आणि वाळुंजाच्या फांद्यांच्या टोपल्या विणणारे लोक बैकजंग या बहिष्कृत गटात मोजले जात. वेगळी वस्ती, वेगळा पेहराव, लग्नात आणि मरणातही बंधने. १८९४च्या सुधारणांनी कायद्यातला भेद संपवला, पण व्यवहारातला संपेना. १९२३ मध्ये जिंजू शहरात या लोकांनी समतेसाठी संघटना उभारली. पुढच्याच वर्षी मुंबईत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली. दोन दूरच्या समाजांत एकाच दशकात एकच मागणी उभी राहिली.

त्याच कोरियात आज दाम्यांग हा दक्षिणेकडचा जिल्हा बांबूकामासाठी मानाने ओळखला जातो. तिथे ओढ्याकाठी दर पाच दिवसांनी बांबूच्या वस्तूंचा बाजार भरत असे. प्लास्टिकने तो संपवला. पण रंगीत पट्ट्यांच्या नक्षीदार टोपल्या विणण्याची कला १९७५ मध्ये राष्ट्रीय वारसा ठरली, गावात बांबूचे संग्रहालय झाले, १९९९ पासून बांबू महोत्सव भरतो, आणि २०२० मध्ये तिथल्या बांबूशेतीला जागतिक कृषी वारशाचा दर्जा मिळाला. टोपली विणणे जन्माने माथी मारलेले काम राहिले नाही. ज्याला आवडेल त्याने शिकावी अशी ती विद्या झाली. जात सुटली आणि कला राहिली, ही गोष्ट होऊ शकते याचा तो पुरावा आहे.

पितळ, लाकूड, कापड

पैनगंगेपलीकडे आदिलाबाद भागात वोज कारागीर गोंडांसाठी देवांच्या मूर्ती, दिवे, घंटा आणि नृत्यातली आभूषणे ओततात. मातीच्या गाभ्यावर मेणाचे धागे गुंडाळून नक्षी करायची, वरून मातीचे लिंपण द्यायचे, तापवून मेण वाहू द्यायचे, आणि त्या पोकळीत वितळलेले पितळ ओतायचे. साचा फोडल्याशिवाय वस्तू बाहेर येत नाही, म्हणून एकासारखी दुसरी होत नाही. या आदिलाबाद डोकऱ्याला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. गोंडांचे गणगोत नदीच्या दोन्ही काठांना आहे, राज्याची सीमा मधून गेली एवढेच.

पितळाच्या बाबतीत कोरियाची एक हकिगत कोळशाच्या गावाने ऐकावी अशी आहे. तिथे हिवाळ्यात पितळी भांड्यांत जेवण्याची रीत होती. दुसऱ्या महायुद्धात जपानी राजवटीने घराघरातले पितळ जप्त केले. युद्धानंतर कारागिरांनी धंदा पुन्हा उभा केला, पण तेवढ्यात घरोघर दगडी कोळशाच्या गोल वड्या जळू लागल्या आणि त्या धुराने पितळ काळे पडू लागले. गृहिणींनी ताटे विकून स्टील घेतले. ज्या कोळशाने घर उबदार झाले, त्यानेच जुनी कला मारली. पुढे सरकारी मान्यतेमुळे हातोड्याने ठोकून घडवण्याचे तंत्र टिकले, आणि कोळसा गेल्यावर भांड्यांना पुन्हा गिऱ्हाईक मिळाले. ती मधली वर्षे कुणीतरी तंत्र सांभाळून ठेवले, म्हणून दिवस पालटल्यावर परतायला वाट उरली होती.

लाकडात या भागाची जीवाभावाची वस्तू म्हणजे तान्ह्या पोळ्याचा नंदीबैल. पोळ्याला खऱ्या बैलांची खांदेमळणी होते, झूल, बाशिंग, घुंगरमाळा चढतात, झडत्या म्हटल्या जातात. दुसऱ्या दिवशी मुले चाकांचे लाकडी बैल सजवून दारोदार नेतात. नागपूरच्या भोसल्यांच्या काळापासून ही प्रथा सांगितली जाते. एका सणाने लहान मुलांच्या हाती शिल्प दिले, आणि सुताराला दरवर्षीचे काम दिले. त्याच दिवशी नागपुरात निघणाऱ्या मारबती, १८८१ पासूनची काळी आणि १८८५ पासूनची पिवळी, या बांबू आणि कागदाच्या लोकशिल्पाचा मोठा नमुना आहेत.

कापडात भंडारा, नागभीड, आरमोरीकडचे टसर आणि करवतकाठी साड्या ही विदर्भाची ठेव. वणीला कापूस भरपूर, पण तो गाठी बांधून बाहेर जातो. घरात राहिली ती गोधडी. कोरियात उरलेल्या तुकड्यांचे रुमाल शिवण्याची बायकांची परंपरा आहे, जोगाकबो म्हणतात. आरपार दिसणाऱ्या रेमी कापडाचे चौकोन असे जोडतात की उजेडात धरले तर रंगीत खिडकीसारखे दिसावे. हे रुमाल करणाऱ्या बहुतेक बायकांची नावे कुणी लिहून ठेवली नाहीत. आज ते संग्रहालयांत अमूर्त चित्रांच्या बरोबरीने लावले जातात. हान्सानच्या रेमी विणकामाला २०११ मध्ये युनेस्कोच्या यादीत स्थान मिळाले. गोधडीचे मोल आपल्याला भावनेने कळते. रचना म्हणून तिच्याकडे बघायला मात्र आपण अजून शिकलो नाही.

घरातली चित्रे

श्रावणात देवघराजवळ जिवतीचा कागद चिकटतो. नरसिंह, कालियामर्दन, जिवतीच्या मांडीवर लेकरे, हत्तीवर आणि वाघावर बसलेले बुध-बृहस्पती. त्या कागदाला कुणी चित्रकला म्हणत नाही. कोरियात नव्या वर्षाला दारावर वाघ आणि मॅगपाय पक्षी यांची चित्रे लावत. इडापिडा दूर राहो आणि चांगली बातमी येवो, एवढाच हेतू. फिरते, अनामिक चितारी ती काढत. जपानी विचारवंत यानागी मुनेयोशी यांनी या लोकचित्रांना मिनह्वा हे नाव देऊन त्यांच्याकडे लक्ष वेधले. १९२४ मध्ये त्यांनी सेऊलच्या राजवाड्याच्या आवारात कोरियन लोककलेचे संग्रहालयही उघडले होते. राज्यकर्त्या देशातल्या माणसाने हे केले, त्यावर कोरियात पुढे बरीच टीका झाली, आणि ती रास्त होती. दुसऱ्याने कौतुक करेपर्यंत आपण थांबायचे का, हा धडा त्यातून घेण्यासारखा आहे.

महाराष्ट्रात हाच प्रवास वारली चित्रांनी केला. लग्नाचा चौक सुवासिनी लिहीत. १९७०च्या दशकात चित्रकार भास्कर कुलकर्णी वारली पाड्यांवर गेले, आणि जिव्या सोमा म्हसे यांचे काम जगापुढे आले. म्हसे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली, २०१८ मध्ये ते गेले. वारली आज सर्वत्र आहे, पण तिच्या भोवती एक माणूस, त्याचे शिष्य आणि त्याचे गाव उभे राहिले म्हणून ती नुसती नक्षी होऊन संपली नाही. गोंड प्रधान समाजातल्या जनगढ सिंह श्याम यांना चित्रकार जे. स्वामिनाथन यांनी भोपाळच्या भारत भवनात असेच मोकळे अंगण दिले. यवतमाळच्या गोंड, प्रधान, कोलाम वस्त्यांना असे कुणी भेटले नाही. नागपूरला १८६३ चे मध्यवर्ती संग्रहालय आहे, दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्र आहे, त्याचा हस्तकला मेळाही भरतो. पण विदर्भातल्या जिवंत कारागिरांचे वर्षभर उघडे असलेले घर म्हणता येईल अशी जागा दिसत नाही.

कोरियाने काय केले

१९६२ मध्ये कोरियाने सांस्कृतिक वारसा संरक्षण कायदा केला. त्यातली नवी गोष्ट अशी की इमारती आणि मूर्तींबरोबर कौशल्यालाही वारसा मानले गेले, आणि ते कौशल्य अंगी असलेल्या माणसाला त्याचा धारक म्हणून घोषित केले गेले. १९६४ च्या अखेरीस पहिल्या नोंदी झाल्या. धारकाला सरकारकडून दरमहा मानधन मिळते. त्या बदल्यात त्याच्यावर दोन जबाबदाऱ्या असतात: शिकवणे, आणि ठरावीक काळाने आपले काम लोकांपुढे करून दाखवणे. त्याच्याखाली शिष्यांची पायरी असते. किमान तीन वर्षे शिकून परीक्षा दिल्यावर शिष्य प्रमाणित होतो, त्यांतून साहाय्यक, आणि कधीतरी पुढचा धारक. १९९३ मध्ये कोरियानेच युनेस्कोपुढे जिवंत मानवी ठेव ही कल्पना मांडली.

या व्यवस्थेचे दोषही स्पष्ट आहेत. मूळ रूप जसेच्या तसे जपा, असा आग्रह धरल्याने कित्येक कला गोठल्या. नवे काही करणारा कारागीर अपात्र ठरण्याची भीती होती. एका धारकाला मान मिळाला की तितकाच चांगला शेजारी मागे पडे. मान्यता मिळूनही काही कलांना वारसदार मिळत नाहीत. यातून शिकून २०१५ मध्ये नवा कायदा आला आणि मूळ रूपाच्या हट्टाऐवजी कलेचा गाभा टिकावा, बाकी बदलावे, अशी भूमिका घेतली गेली. आपण ही व्यवस्था उचलायचीच तर तिचे हे पन्नास वर्षांचे शहाणपणही बरोबर उचलावे.

भारतात काहीच नाही असे नाही. कुशल कारागिरांना १९६५ पासून राष्ट्रीय पुरस्कार आहेत, २००२ पासून शिल्पगुरू आहे. १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत १८ व्यवसाय आहेत. कुंभार, टोपली व चटई विणणारे, सुतार, मूर्तिकार, खेळणी करणारे, सगळे त्यात येतात. हत्यारांसाठी १५ हजार रुपये, प्रशिक्षणात दिवसाला ५०० रुपये, ५ टक्के व्याजाने टप्प्याटप्प्याने ३ लाखांपर्यंत कर्ज. ही मदत गरजेची आहे आणि ती मिळवण्यासाठी गावोगाव खटपट झाली पाहिजे. पण तिथले मूळ प्रशिक्षण ५ ते ७ दिवसांचे, पुढचे १५ दिवसांचे आहे. आधीच येणाऱ्याचा हात सुधारायला ते पुरते. सुपाचा उतार त्यात येत नाही. शिकवणाऱ्या वृद्ध हाताला वर्षानुवर्षे मानधन, आणि शिकणाऱ्या तरुणाला काही वर्षांचा आधार, ही जोडी आपल्या व्यवस्थेत नाही. पुरस्कार झालेल्या कामाचा असतो, तर मानधन पुढे व्हायच्या कामासाठी असते. आपण पहिल्यावर थांबलो.

आधुनिक चित्रकार आणि कारागीर

कोरियाचे आणखी एक वैशिष्ट्य म्हणजे तिथल्या आधुनिक कलावंतांनी कारागिराकडे पाठ फिरवली नाही. किम ह्वान-की हे अमूर्त चित्रकलेतले मोठे नाव. ते चंद्रघट गोळा करत आणि १९५०च्या दशकात त्यांची चित्रे काढत. पार्क सो-बो यांनी ओल्या हानजी कागदावर, म्हणजे तुतीच्या जातीच्या झाडाच्या सालीपासून केलेल्या कागदावर, रेषा ओढत कित्येक वर्षे घालवली. एकरंगी, संथ, पुनरावृत्तीच्या या चित्रशैलीला दान्सेकह्वा म्हणतात. ई सू-क्यंग या कुंभारांनी फोडून टाकलेल्या सदोष भांड्यांच्या खापऱ्या सोन्याने जोडून नवी शिल्पे करतात. किम सूजा यांनी चादरीच्या गाठोड्यांतून स्थलांतराचे शिल्प उभे केले. छंगजूला १९९९ पासून हस्तकलेचे द्वैवार्षिक प्रदर्शन भरते, आणि २०२१ मध्ये सेऊलला खास हस्तकलेचे मोठे संग्रहालय उघडले. चित्रकार आणि कारागीर तिथे एकाच छताखाली येतात.

विदर्भाने आधुनिक भारतीय चित्रकलेला थोडे दिले नाही. वासुदेव गायतोंडे यांचा जन्म १९२४ चा, नागपूरचा. सय्यद हैदर रझा नागपूरच्या कलाशाळेत शिकले. अंबादास खोब्रागडे १९२२ मध्ये अकोल्यात जन्मले. गायतोंडे यांच्या शांत, एका रंगात खोल उतरत जाणाऱ्या कॅनव्हासपुढे दान्सेकह्वाची आठवण होते, इतका त्यांचा आतला सूर जुळतो. पण हे सगळे मुंबई, दिल्ली, पॅरिस, ऑस्लोला गेले, आणि त्यांच्या कलेला इथल्या कुंभाराचा, बुरुडाचा हात लागला नाही. असा मेळ होऊ शकतो हे विणकर सेवा केंद्रांनी दाखवले होते. १९५०च्या दशकाच्या मध्यावर पुपुल जयकर यांच्या पुढाकाराने निघालेल्या या केंद्रांत चित्रकारांना विणकरांबरोबर बसवले गेले. प्रभाकर बरवे तिथे काम करत बनारसला राहिले, आणि त्यांच्या चित्रांवर त्या वर्षांचा ठसा उमटला. माती आणि बांबूसाठी असे केंद्र कधी झालेच नाही.

वणीत काय करता येईल

या आढाव्यातून एक गोष्ट ठळक दिसते. जिथे कच्चा माल हक्काने मिळाला, वस्तूला कुठलातरी खरा वापर राहिला आणि शिकवणाऱ्याला शिकवण्यासाठी पैसे मिळाले, तिथे कला जगली. तिन्हींपैकी एक तुटले की बाकीचे दोन फार काळ पुरत नाहीत. आपल्याकडे वापर अजून सणांनी धरून ठेवला आहे. कच्च्या मालाचा हक्क अर्धा मिळाला आहे. शिकवण्याची साखळी मात्र डोळ्यांदेखत तुटते आहे.

ती जोडायला दिल्लीची वाट बघण्याचे कारण नाही. २०१५ च्या खाण कायद्यातल्या दुरुस्तीने प्रत्येक खाणजिल्ह्यात जिल्हा खनिज प्रतिष्ठान स्थापन झाले. खाणीच्या स्वामित्वधनाच्या प्रमाणात, जुन्या पट्ट्यांवर ३० टक्के आणि लिलावाने दिलेल्या पट्ट्यांवर १० टक्के, अशी रक्कम त्यात जमा होते. ती खाणीने बाधित झालेल्या लोकांसाठी असते, आणि कौशल्यविकास हे तिच्या प्राधान्यक्षेत्रांपैकी एक आहे. वणीच्या खाणी हा निधी भरतात. ज्या मातीखालून हा कोळसा निघतो, त्याच मातीची भांडी करणाऱ्यांचा त्यावर हक्क पोचतो.

त्यातून तीन कामे तातडीने व्हावीत. तालुक्यातल्या कारागिरांची नोंद व्हावी: कोण, कुठे, काय करतो, त्याच्याकडून कोण शिकतो आहे. या नोंदीत सूप विणणाऱ्या बाईचे स्वतःचे नाव असावे, नवऱ्याच्या नावापुढची रिकामी ओळ नसावी. पोडावरच्या आणि गावातल्या जाणत्या कारागिरांना, दोन-तीन शिष्य घेण्याच्या अटीवर, किमान तीन वर्षांचे मानधन मिळावे, आणि शिष्य कुठल्याही जातीचा असावा. आणि भद्रावतीची मृत्तिकाकला, चिचपल्लीचे बांबू केंद्र, नागपूरची कलाशाळा आणि वणीची महाविद्यालये यांनी मिळून दरवर्षी एक कार्यशाळा घ्यावी, जिथे कलेचा विद्यार्थी कुंभाराच्या हाताखाली काम करील आणि त्या कामाचे गुण त्याच्या पदवीत धरले जातील.

कोरियाकडून घ्यायचे ते एवढेच. त्यांचा चंद्रघट आपण करायचा नाही, आपला रांजण आपण चांगला करायचा. तो थापायला जे हात अजून तयार आहेत त्यांचे वय वाढते आहे, आणि तीन वर्षांचे शिक्षण सुरू करायला हीच वर्षे हातात आहेत.